मुका मुलूख

मनुष्यजातीचा एखादा गट, मग तो कितीही आडवळणाच्या रानात अथवा समुद्राने वेढलेल्या बेटावर राहत असो, वाणीवाचून नांदत असेल काय, हा प्रश्न आज शाळकरी मुलासही अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन हजारांहून अधिक वर्षे सुविद्य जगातील अनेकांनी त्याचे उत्तर अस्तिपक्षीच दिले होते, आणि ते देताना आपण एका सबंध समाजाचे माणूसपण नाकारीत आहोत याची खंत फारच थोड्यांना वाटली होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या इतिहासाच्या चौथ्या भागात आफ्रिकेतील वाळवंटाकडच्या गुहावासी लोकांची हकीगत दिली आहे. गारामांत नावाचे लोक चार घोड्यांच्या रथांतून त्यांची शिकार करीत, ते साप-सरडे खात, धावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नसे, आणि त्यांची भाषा अन्य कोणत्याही भाषेशी न जुळता वटवाघळांच्या चीत्कारासारखी ऐकू येई, असा त्याचा मजकूर आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन ग्रंथकार प्लिनी याने तर आफ्रिकेच्या अंतर्भागातील काही जमातींना भाषाच नसून त्या माना डोलावून व अवयव हालवून आपला व्यवहार चालवितात, असे बिनदिक्कत नोंदवून ठेवले.

या दोन्ही दाखल्यांत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांच्यामागे रथ लावून शिकार केली जात होती त्यांच्या तोंडून निघणारे आवाज कोणते असतील, आणि ते ऐकणाऱ्यास त्यांत अर्थ शोधण्याची गरज कितपत वाटली असेल, याचा विचार ही हकीगत पिढ्यान् पिढ्या उतरवून घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी केला नाही. अपरिचित भाषा कानावर पडली असता प्रारंभी तिचे शब्द सुटे होत नाहीत, स्वरव्यंजने ओळखू येत नाहीत, आणि सारा प्रवाह एकच कोलाहल भासतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पण समर्थ समाजाचा प्रवासी हा अनुभव आपल्या कानाच्या खाती न मांडता समोरच्याच्या जिभेच्या खाती मांडतो, आणि त्याचे प्रवासवर्णन छापून निघाले की त्याला प्रमाणग्रंथाची योग्यता प्राप्त होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या तिएर्रा देल फुएगो या द्वीपसमूहाचे आहे. डिसेंबर 1832 मध्ये 'बीगल' जहाज तेथे पोहोचले तेव्हा त्यावरील तेवीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनने किनाऱ्यावर जमलेल्या लोकांचे बोलणे ऐकले आणि ते स्पष्टोच्चारित म्हणण्याच्या योग्यतेचे नाही, असा अभिप्राय दिला. कप्तान कुक याने त्या भाषेला माणसाच्या घसा खाकरण्याची उपमा दिली होती, तिचाही त्याने उल्लेख केला. डार्विन हा क्षुद्र मनाचा मनुष्य नव्हता, गुलामगिरीचा त्याला मनस्वी तिटकारा होता, आणि निरीक्षणाची शक्ती तर त्याच्याइतकी फार थोड्यांना लाभली आहे. त्याच प्रसंगी त्याने आणखी एक गोष्ट नमूद केली, ती अशी, की हे लोक गोऱ्यांनी उच्चारलेले संपूर्ण वाक्य शब्दन् शब्द बिनचूक म्हणून दाखवीत आणि ते शब्द काही काळ ध्यानातही ठेवीत, जे युरोपीयांना त्यांच्या भाषेच्या बाबतीत साधणे दुरापास्त होते. म्हणजे कोणाचे कान व कोणाची जीभ अधिक तयार होती याचा पुरावा त्याच्याच दैनंदिनीत पडलेला होता. परंतु जगाने पुरावा सोडला आणि अभिप्राय उचलला.

या अभिप्रायाचा फैसला करणारा मनुष्य पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी तिकडे गेला. टॉमस ब्रिजेस हा अनाथ इंग्रज मुलगा, एका मिशनऱ्याने दत्तक घेतलेला, 1856 मध्ये फॉकलंड बेटांपैकी केपेल बेटावर आला, तेथे आणलेल्या, तिएर्रा देल फुएगोच्या यामाना लोकांच्या सहवासात त्यांची भाषा शिकला, आणि नंतर उशुआइया येथे मिशनचे ठाणे वसवून 1898 मध्ये मरण येईपर्यंत त्या भाषेचा कोश रचीत राहिला. त्या कोशात सुमारे 32,000 शब्द जमले. क्रियापदांच्या सूक्ष्म छटा, नात्यांची नावे, नौकेतील व किनाऱ्यावरील हालचालींचे बारकावे, अशा अनेक अंगांनी ती भाषा इतकी भरगच्च निघाली की एका माणसाच्या आयुष्यभराच्या परिश्रमांनंतरही कोशकाराला तिचा तळ लागला असे वाटले नसेल. हस्तलिखिताने पुष्कळ फेरे घेतले, 1933 मध्ये कोश छापला गेला, आणि मूळ प्रत अखेर ब्रिटिश म्युझियमच्या दप्तरी रुजू झाली. तोपर्यंत ती भाषा बोलणारे मात्र जवळजवळ उरले नव्हते, कारण 1884 च्या गोवराच्या साथीने आणि नंतरच्या रोगराईने त्या लोकांची वाताहत केली होती. यामाना भाषा जन्मतः बोलणाऱ्या शेवटच्या व्यक्ती, क्रिस्तीना काल्देरोन, फेब्रुवारी 2022 मध्ये वयाच्या 93 व्या वर्षी निवर्तल्या. ज्या मुलखातील लोकांना धड बोलताही येत नाही असे म्हटले गेले, तेथील बोलणे एका कोशात साठवून मग ते जगातून नाहीसे झालेले पाहण्याची पाळी आपल्या काळावर आली, ही गोष्ट मला केवळ भाषाशास्त्रीय महत्त्वाची वाटत नाही.

उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वेगळ्या कारणाने तीच चूक घडली. सर रिचर्ड बर्टन हा अनेक भाषांचा जाणता प्रवासी 1860 मध्ये त्या बाजूने गेला आणि त्याने अरापाहो लोकांविषयी लिहिले, की त्यांचा शब्दसंग्रह इतका तुटपुंजा व उच्चार इतका अस्पष्ट आहे की अंधारात त्यांना आपसांत धड बोलता येत नाही, परक्यास काही समजवायचे तर त्यांना शेकोटीच्या उजेडात यावे लागते. वस्तुस्थिती अशी, की त्या विस्तीर्ण मैदानांत परस्परांस सर्वथा दुर्बोध अशा अनेक भाषा बोलणाऱ्या जमाती शिकार, व्यापार आणि तह यांच्या निमित्ताने एकत्र येत, आणि त्यांनी आंतरजमातीय व्यवहारासाठी हातांच्या खुणांची एक संपन्न पद्धत निर्माण केली होती. परक्याशी बोलताना ते हात वापरीत. बर्टन परका होता, म्हणून त्याला हात दिसले. अरापाहो भाषा अल्गाँकिन कुळातील असून कर्ता, कर्म, काळ, रीती हे सारे एकाच दीर्घ क्रियापदात गुंफण्याची तिची शक्ती पाहून आजचे व्याकरणकारही विस्मित होतात.

विसाव्या शतकात या दंतकथांचा बंदोबस्त झाला तो तर्काने नव्हे, तर परिश्रमाने. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी 1911 मध्ये अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भाषांचा ग्रंथ प्रसिद्ध करताना असा दंडक घालून दिला, की प्रत्येक भाषा तिच्या स्वतःच्या घडणीनुसार तपासावी, लॅटिनच्या साच्यात कोंबू नये. त्यांचे शिष्य एडवर्ड सपीर यांनी 1921 च्या आपल्या पुस्तकात, भौतिक साधनांनी समाज साधा असला तर त्याची भाषाही साधी असली पाहिजे, या समजुतीचे मूळच उखडून टाकले. आणि मग या सिद्धान्ताची परीक्षा पाहणारी घटना 1930 पासून न्यू गिनीत घडली. सोन्याच्या शोधात निघालेल्या मायकेल लेही व त्याच्या साथीदारांना तेथील डोंगराळ अंतर्भागात, जेथे वस्ती नसावी असा समज होता तेथे, लाखोंनी मोजावी लागतील इतकी माणसे शेती करून राहत असलेली आढळली. ही माणसे बाहेरच्या जगास अज्ञात होती आणि बाहेरचे जग त्यांना. धातू त्यांच्याकडे नव्हता, लिपी नव्हती, चाक नव्हते. भाषा मात्र प्रत्येक खोऱ्यात होती, आणि ती शेजारच्या खोऱ्याहून इतकी निराळी की पापुआ न्यू गिनी या एका देशात आज आठशेंहून अधिक भाषांची नोंद आहे. एखादा मुका समाज जगात असताच, तर तो सापडण्यास याहून योग्य जागा नव्हती.

आपल्या बाजूला अंदमानचा दाखला तितकाच सबळ आहे. उत्तर सेंटिनेल बेटावरील लोकांची भाषा आजही बाहेरच्या कोणा माणसास येत नाही आणि सोबत नेलेल्या, अंदमानातल्याच ओंगी लोकांनाही ती समजली नाही. परंतु ते आपसांत बोलतात हे किनाऱ्याजवळ गेलेल्यांनी ऐकलेले आहे. ग्रेट अंदमानी समूहातील बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा जानेवारी 2010 मध्ये वारल्या. त्यांच्याबरोबर काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी दाखवून दिले आहे, की या कुळातील भाषांचे व्याकरण शरीराच्या विभागांवर उभारलेले असून, वस्तू, गुण व क्रिया यांना कोणत्या देहभागाशी संबंधित प्रत्यय लागावा याचे काटेकोर नियम आहेत. महाराष्ट्राच्या हद्दीतही असे एक आश्चर्य वसते. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या परिसरात सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली नावाची भाषा दोन-अडीच हजार माणसे बोलतात. तीत कोरकू व मराठी शब्दांचा भरणा मोठा आहे, पण डच पंडित कायपर यांनी 1962 मध्ये तिची छाननी केली तेव्हा सुमारे पाव हिस्सा शब्दांचा संबंध जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी लागेना. तिच्या भोवती राहणाऱ्या मराठी माणसाला, या मजुरी करणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडी आर्य व द्रविड या दोन्हींहून वेगळा असा प्राचीन अवशेष नांदत आहे, याची वार्ताही बहुधा नसते.

सार्वत्रिक आहे ती भाषा. भाषेची प्रत्येक सोय नव्हे. लेखन ही अवघ्या पाच हजार वर्षांपूर्वीची युक्ती असून जगातील सुमारे सात हजार भाषांपैकी पुष्कळ भाषा तिच्यावाचून राहिल्या. बूगनव्हिल बेटावरील रोटोकास भाषेचा कारभार अकरा-बारा मूलध्वनींवर चालतो, तर कालाहारीच्या वाळवंटातील ताआ भाषेस टाळूवर जीभ आपटून काढलेल्या चटकाऱ्यांसह शंभराहून अधिक लागतात. परंतु मोजक्या निरर्थक घटकांपासून अगणित सार्थ शब्द आणि त्या शब्दांपासून पूर्वी कधीही न उच्चारलेली वाक्ये सिद्ध करण्याचे सामर्थ्य, जे नाही ते, जे घडून गेले ते, जे घडेल अशी भीती आहे ते सांगण्याचे सामर्थ्य, ज्याच्यापाशी नाही असा समाज आजवर आढळलेला नाही.

मग हे सामर्थ्य येते कोठून? एकेकट्या माणसाच्या ठायी ते जन्मतःच पूर्ण असते, की समाजाकडून मिळते? या प्रश्नाचा शोध घेण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न आपल्याच देशात झाला. अकबर बादशहाचे असे मत होते, की बोलणे ऐकण्यातून येते, आणि ज्याच्या कानी कधी शब्द पडला नाही त्यास वाचा फुटणार नाही. दरबारातील काहींना हे पटेना, तेव्हा त्याने वस्तीपासून दूर एक वाडा बांधविला, तान्ही मुले तेथे ठेविली, त्यांना पाजण्यास न बोलणाऱ्या दाया नेमल्या आणि विश्वासू पहारा बसविला. लोकांनी त्या वास्तूस गुंग महाल म्हटले. बदायुनी या इतिहासकाराने, जो बादशहाचा मुळीच चाहता नव्हता, मुलांची संख्या विसाच्या आसपास दिली आहे. अबुल फजलच्या 'अकबरनाम्या'वरून दिसते, की ऑगस्ट 1582 मध्ये बादशहा स्वतः फत्तेपूर सीक्रीहून तेथे पाहणीस गेला आणि चार वर्षांच्या त्या मुलांच्या तोंडून मुक्यांच्या आवाजाखेरीज काही निघाले नाही. बादशहाचे म्हणणे खरे ठरले. मुले मात्र, बदायुनीच्या शब्दांवर विश्वास ठेवल्यास, मुकीच राहिली आणि त्यांतील काही दगावली.

याच प्रकारची कथा हिरोडोटसने मिसरच्या साम्मेटिकस राजाविषयी सांगितली आहे आणि स्कॉटलंडच्या चौथ्या जेम्सविषयीही तशी आख्यायिका आहे. त्यांत मुले अनुक्रमे फ्रिजियन व हिब्रू बोलली म्हणतात. त्या गोष्टी सांगणाऱ्यास हवे तेच मुलांच्या तोंडी आले, एवढाच त्यांचा अर्थ. अकबराचा प्रयोग निर्दय होता, परंतु त्याचा निष्कर्ष प्रामाणिक होता. मला खटकते ते निराळेच. त्या वाड्यात गेलेल्या सर्वांनी मुलांचे आवाज तेवढे ऐकले. पुढे सव्वाशे वर्षांनी फ्रांस्वा कात्रू या फ्रेंच जेझुइटाने लिहिलेल्या मोगलांच्या इतिहासात असा तपशील येतो, की ही मुले आपले विचार हातवाऱ्यांनी व्यक्त करीत होती. इतक्या उशिराच्या साक्षीवर फार भार टाकता येत नाही, तथापि ती साक्ष ज्या दिशेकडे बोट दाखविते ती दिशा योग्य होती, हे समजण्यास आणखी अडीच शतके जावी लागली.

तोवर खुणा म्हणजे बोलण्याची सावली, असाच समज होता, आणि त्यास आधारही होता. हात, शीळ, नगारा यांनी साधलेल्या बहुतेक संदेशपद्धती खरोखरच बोलीच्या अंकित असतात. आपल्याकडील करपल्लवी घ्या, जीत बोटांच्या ठेवणीने वर्णमालेतील वर्ग व अक्षरे दाखवून गुप्त मजकूर कळविला जाई. तीत हात बोलतात खरे, पण ते मराठीच बोलतात. कॅनरी द्वीपांतील ला गोमेरा येथे दऱ्यांपलीकडे ऐकू जाणारी शीळभाषा आहे, तिला 2009 मध्ये युनेस्कोची मान्यता लाभली, शाळांतून ती शिकवलीही जाते. पण ती शिळेच्या चढउतारांतून स्पॅनिशच सांगते. काँगोच्या खोऱ्यातील लोकेले लोकांचे नगारेही त्यांच्या भाषेतील उच्चनीच स्वरांचीच नक्कल करतात. ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी स्त्रिया पतिनिधनानंतर दीर्घकाळ मौन पाळतात आणि त्या अवधीत हाताच्या खुणांनी सारा व्यवहार करतात. तेथेही खुणांची मांडणी बोलीला बरीच धरून असते.

ज्यांच्या कानी बोली कधी पोहोचलीच नाही अशा माणसांचे काय, हा प्रश्न मात्र स्वतंत्र आहे. 1960 मध्ये विल्यम स्टोकी या वॉशिंग्टनमधील गॅलॉडेट कॉलेजच्या इंग्रजीच्या अध्यापकाने अमेरिकेतील कर्णबधिरांच्या खुणांचे पृथक्करण प्रसिद्ध केले. प्रत्येक खूण ही अखंड चित्र नसून हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशा मोजक्या घटकांची ती जुळणी आहे, एक घटक बदलला की शब्द बदलतो, जसा 'काळ' मधील एक वर्ण बदलता 'गाळ' होतो, हे त्याने दाखविले. त्याच्या सहकाऱ्यांनी प्रारंभी त्याची हेटाळणी केली. तरी त्या लहानशा प्रबंधाने एक प्रचंड दार उघडले, आणि ती भाषा इंग्रजीची सावली नसून स्वतःचे व्याकरण असलेली स्वतंत्र भाषा आहे, हे पुढील वीस वर्षांत सर्वमान्य झाले.

आणि मग मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात, कोणी न योजता, गुंग महालाची उलट बाजू घडली. 1977 पर्यंत तेथील कर्णबधिर मुले आपापल्या घरी एकाकी वाढत होती. प्रत्येकाने आई-भावंडांशी चालविण्यापुरत्या चार घरगुती खुणा बनविलेल्या असत, त्या दुसऱ्या घरात निरुपयोगी. त्या वर्षी राजधानी मानाग्वात विशेष शाळा निघाली, 1979 च्या राज्यक्रांतीनंतर तिचा विस्तार झाला, 1980 मध्ये थोराड मुलांसाठी व्यवसायशाळा उघडली, आणि काही वर्षांतच दोन्हीकडे मिळून चारशेंहून अधिक मुले जमली. शिक्षकांचा सारा भर ओठ पाहून स्पॅनिश समजण्यावर व बोलण्यावर होता, आणि त्यात यश जवळजवळ नव्हते. पण मधल्या सुटीत, अंगणात, शाळेच्या बसमध्ये मुले आपापल्या घरगुती खुणा एकमेकांपुढे ठेवीत होती; त्यांची देवघेव होऊन एक सामाईक भांडवल तयार झाले. शिक्षकांना वाटले, मुले नुसते हातवारे करतात. 1986 मध्ये सरकारच्या विनंतीवरून भाषाशास्त्रज्ञ ज्युडी केगल तेथे गेल्या तेव्हा उलगडा झाला, की पहिल्या मुलांनी जमविलेल्या त्या ओबडधोबड सामग्रीतून नंतर आलेल्या चिमुरड्यांनी व्याकरण घडविले आहे.

यातील एक बारकावा मुद्दाम सांगण्याजोगा आहे. अ‍ॅन सेंगस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यंगचित्रपटातील गडगडत खाली जाणाऱ्या मांजराचे दृश्य सांगण्यास मुलांना व मोठ्यांना सांगितले होते. ऐकणारी माणसे बोलताना सहज हातवारे करतात, त्यांत गडगडणे आणि खाली जाणे एकाच हालचालीत येते. शाळेच्या पहिल्या पिढीतील कर्णबधिरही बहुधा तसेच दाखवीत. नंतरच्या पिढीतील मुलांनी मात्र एकाच दृश्याचे दोन तुकडे केले, आधी 'गडगडणे', मग 'खाली', आणि ते एकापुढे एक ठेवले. प्रत्यक्ष जगात या दोन गोष्टी कधी वेगळ्या होत नाहीत. त्या वेगळ्या होतात फक्त भाषेत, आणि तुकडे केल्यावाचून ते पुन्हा हवे तसे जुळविता येत नाहीत. कोणत्याही गुरूने न शिकविता, कोणतीही भाषा समोर नसता, दहा वर्षांच्या आतील मुलांनी हे केले. अकबराच्या वाड्यातील वीस मुलांपाशी नव्हते आणि मानाग्वाच्या चारशे मुलांपाशी होते ते काय, याचे उत्तर मला संख्येपेक्षाही पिढ्यांच्या साखळीत दिसते: वर्षावर्षाला नवी लहान मुले येत, थोरल्यांच्या खुणा पाहत, आणि पाहिलेल्यापेक्षा अधिक नियमबद्ध असे काही त्यांना परत देत.

इस्राएलच्या नेगेव वाळवंटातील अल-सय्यद या बेदुइन वस्तीत आनुवंशिक बहिरेपणामुळे गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून अशीच एक भाषा उदयास आली. साडेतीन हजारांच्या त्या वस्तीत दीडशेच्या आसपास कर्णबधिर असून ऐकणारे नातलगही ती भाषा वापरतात. तेथील अरबी बोलीत व हिब्रूत क्रियापद कर्माच्या आधी येते, या खुणांच्या भाषेत मात्र ते शेवटी येते, मराठीत येते तसे. अर्थात ही रचना कोणाकडून उसनी घेतलेली नाही. अमेरिकेच्या मार्थाज व्हिनियार्ड बेटावर तर सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंत बहिरेपणा इतका नित्याचा होता की चिलमार्क गावात पंचवीस माणसांमागे एक माणूस कर्णबधिर असे. मानववंशशास्त्रज्ञ नोरा ग्रोस यांनी तेथील वृद्धांस विचारपूस केली तेव्हा आढळले, की सगळा गाव दोन्ही भाषा जाणत असल्याने अमका माणूस बहिरा होता की नव्हता, हे आठवण्यासही काहींना वेळ लागे.

तेव्हा मूळ प्रश्नाचे काटेकोर उत्तर असे, की ज्या समाजात ऐकणारी माणसे आहेत अशा प्रत्येक ज्ञात समाजात बोलण्याची भाषा आहे, आणि केवळ हातांवर सर्व व्यवहार चालविणारा असा अखंड समाज ज्ञात नाही. अल-सय्यद व चिलमार्क येथेही ऐकणारे बोलतच होते. आवाजास ही पसंती का मिळाली याची कारणे उघड आहेत. तो अंधारात चालतो, भिंतीआडून पोहोचतो, पाठमोऱ्या माणसास वळवून घेतो, आणि नांगर धरलेले अथवा मूल कडेवर घेतलेले हात मोकळे करावे लागत नाहीत. परंतु पसंती आणि अगतिकता या भिन्न गोष्टी आहेत. डाव्या मस्तिष्कार्धास इजा झाली असता बोलणाऱ्याचे बोलणे जसे विस्कटते तसे खुणांनी बोलणाऱ्या कर्णबधिराच्या खुणांचेही व्याकरण विस्कटते, त्याचे हात धडधाकट असले तरी. आणि खुणांच्या घरात जन्मलेली तान्ही मुले, इतर मुले 'बाबाबा' करण्याच्या वयात, बोटांनी तसेच बोबडे चाळे करतात, हे 1991 मध्ये लॉरा पेटिट्टो व पॉला मॅरेंटेट यांनी दाखविले. मेंदूला भाषा हवी असते. ती कोणत्या वाटेने येते याविषयी तो हट्टी नाही.

हट्टी असतात ती आपण मोठी माणसे. 1880 मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणात बोलण्यासच प्राधान्य द्यावे, असा ठराव मंजूर केला. त्या सभेत कर्णबधिर सभासद हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. ठरावाचा अंमल जगभर झाला, शाळांतून खुणांना मज्जाव झाला, मुलांचे हात आवरले गेले. मुंबईस कर्णबधिरांची शाळा निघाली ती त्यानंतर पाचएक वर्षांनी, आणि आपल्या देशातील अशा शाळांत दीर्घकाळ ओष्ठवाचन व उच्चार यांचाच शिरस्ता राहिला. तरीही वसतिगृहांत, वर्ग सुटल्यावर, थोरल्या मुलांकडून धाकट्यांकडे खुणा जात राहिल्या. मदन वसिष्ठ आणि त्यांचे अमेरिकी सहकारी यांनी 1970 नंतरच्या दशकात दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर येथील खुणांची तुलना केली तेव्हा त्यांत इतके साम्य निघाले की ती एकाच भाषेची रूपे ठरली. कोणत्याही अभ्यासक्रमात नसलेली ती भाषा शहराशहरांत जगली होती. 2015 मध्ये दिल्लीत तिच्या संशोधनाचे सरकारी केंद्र स्थापन झाले, 2018 मध्ये तीन हजार शब्दांचा पहिला कोश निघाला आणि 2021 पर्यंत तो दहा हजारांवर गेला.

वाणीवाचून राहणारी जमात प्रवाशांना जगात कोठेही सापडली नाही. भाषेवाचून वाढणारे मूल मात्र सापडते, आणि ते दूरच्या बेटावर सापडत नाही. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या सुमारे पन्नास लाख व्यक्तींची भारतात नोंद झाली. कर्णबधिर मुलांपैकी दहांत नऊहून अधिक मुले ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात. घरात प्रेम असते, औषधोपचाराची धावपळ असते, श्रवणयंत्राची अथवा शस्त्रक्रियेची तजवीज चाललेली असते, आणि या साऱ्यात तीन-चार वर्षे सहज निघून जातात, ज्यांत त्या मुलापुढे सुगम अशी एकही भाषा आलेली नसते. खुणा शिकविल्या तर मूल बोलण्याचा आळस करील, ही भीती अजून अनेक घरांत व काही दवाखान्यांतही ऐकू येते, जरी खुणांनी बोली अडते असा निर्विवाद पुरावा पुढे आलेला नाही. बहिरेपणाचे निदान आता जन्मानंतर काही दिवसांत करता येते. त्याच आठवड्यात आई-बापांची गाठ एखाद्या प्रौढ कर्णबधिर स्त्रीशी अथवा पुरुषाशी घालून द्यावी, आणि यंत्र बसो वा न बसो, पाळण्यातल्या मुलापुढे हातांची भाषा त्या दिवसापासून सुरू व्हावी. उपचाराचे काम आपल्या गतीने चालू राहील, त्याच्यासाठी भाषा तहकूब ठेवण्याचे कारण नाही.